यंत्राचं म्हणणं: काल ४५, आज २४

गेल्या अंकात मनगटावरच्या घड्याळांबद्दल सहज चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यांतली पाच इथे घेतली आहेत. नेहमीचा इशारा आधीच देतो: मी डॉक्टर नाही. ३१ वर्षं दवाखान्यांतली ईसीजी यंत्रं आणि मॉनिटर उघडून बसलेला माणूस आहे. यंत्राला काय म्हणायचंय ते सांगू शकेन. छातीत दुखत असेल तर मला पत्र लिहू नका, रिक्षा बोलवा.

प्रश्न: नातीने वाढदिवसाला घड्याळ दिलं. त्यात रोज सकाळी ‘एचआरव्ही’ नावाचा आकडा येतो. सोमवारी ४५ होता, मंगळवारी २४. नात म्हणते, जास्त असलेला चांगला. एका रात्रीत माझं हृदय निम्म्यावर आलं का? वय ६८, मधुमेह आहे, गोळ्या नियमित घेते.
— एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण

उत्तर: बाई, घड्याळ काढून ठेवा आणि आधी एक प्रयोग करा. मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी धरा. पाच सेकंद सावकाश श्वास आत, पाच सेकंद बाहेर. श्वास घेताना ठोके जरा लगबगीने येतात, सोडताना रेंगाळतात. तुमच्या वयाला हा फरक बारीक असतो, त्यामुळे लगेच जाणवला नाही तर घाबरू नका. शेजारच्या कॉलेजातल्या पोराची नाडी धरून पाहा. कार्ल लुडविग या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८४७ मध्ये काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर नेमकं हेच उमटवून घेतलं होतं. तेव्हा ना वीज होती, ना ईसीजी.

म्हणजे मिनिटाला ७० ठोके असले तरी ते शिवणयंत्राच्या टाक्यांसारखे सारख्या अंतरावर पडत नाहीत. हा कमीजास्तपणा किती, ते तुमचं घड्याळ मिलिसेकंदांत सांगतं. तोही प्रत्येक घड्याळ एकाच रीतीने काढत नाही. ॲपलचं घड्याळ ठोक्यांमधली अंतरं सरासरीपासून किती पसरली आहेत ते मोजतं, फिटबिट लागोपाठच्या दोन अंतरांतला फरक मोजतं. त्यामुळे नातीच्या घड्याळाशी तुलना करू नका.

आता ४५ आणि २४. तुम्ही गणित शिकवलंय की मराठी ते लिहिलं नाहीत, पण तुमचं घड्याळ दुसऱ्या रीतीचं धरून हा हिशोब करून बघाच. समजा पाच मिनिटांत ठोक्यांमधली ३७५ अंतरं मोजली, सरासरी ८०० मिलिसेकंद. त्यात एकच ठोका ३०० मिलिसेकंद लवकर पडला आणि त्याच्या पुढचं अंतर तेवढंच लांबलं. म्हणजे अंतरं अशी: ८००, ५००, ११००, ८००. लागोपाठचे फरक ३००, ६०० आणि ३००. त्यांच्या वर्गांची बेरीज ५,४०,०००. ती ३७४ फरकांत वाटली की साधारण १४४४ येतात. तुमचा खरा आकडा २४ असेल तर त्याचा वर्ग ५७६. दोन्ही मिळून २०२०, आणि त्याचं वर्गमूळ ४५.

एका चुकार ठोक्याने २४ चे ४५ झाले. सोमवार चांगला आणि मंगळवार वाईट असं नसून सोमवारी एक ठोका आगाऊ पडला असेल, किंवा तुम्ही कूस बदलताना पट्टा सरकला असेल. घड्याळ हिरवा उजेड टाकून कातडीखालच्या रक्ताची ये-जा बघतं, ईसीजी काढत नाही, त्यामुळे असं सरकणंही त्याला ठोक्यासारखं दिसतं. आमच्या धंद्यात पहिलं काम चाळणीचं असतं: खडे वेगळे काढायचे, मग तांदूळ मोजायचे. काही घड्याळं खडेही तांदळात मोजतात.

असा एखाददुसरा ठोका धडधाकट माणसालाही पडतो. वारंवार धडधडत असेल किंवा चक्कर येत असेल तर मात्र ईसीजी काढा. आणि मधुमेह आहे म्हणून एक विचारून या: मिनिटाला ६ श्वास घ्यायला लावून ईसीजीवर सर्वांत जलद आणि सर्वांत मंद गतीतला फरक मोजायची जुनी तपासणी आहे. फरक मिनिटाला १५ ठोके किंवा जास्त असला तर ठीक, १० किंवा कमी असला तर हृदयाच्या नसांवर मधुमेहाचा परिणाम झालाय का ते डॉक्टर बघतात. वयाप्रमाणे तो अर्थ त्यांनीच लावायचा. त्या दोन मिनिटांतून जे कळतं ते तुमच्या घड्याळाच्या महिनाभराच्या आकड्यांतून कळणार नाही, असं माझं मत.

प्रश्न: मी छत्रपती संभाजीनगरला इन्स्ट्रुमेंटेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी मित्राचा ५ मिनिटांचा ईसीजी घेतला. पहिली दोन मिनिटं त्याचा नेहमीचा श्वास (मिनिटाला १५), मग एका मिनिटात हळूहळू ६ वर आणला, शेवटची दोन मिनिटं ६. ठोक्यांच्या अंतरांचा एफएफटी (कोणत्या लयी किती ते दाखवणारं फूरियेचं गणित) काढला तर दोन उंचवटे आणि मधे नुसता चिखल. सर म्हणतात वेव्हलेट लाव, सीनियर म्हणतो हिल्बर्ट-हुआंग लाव. कोणाचं ऐकू?
— एक विद्यार्थी

उत्तर: कोणाचंही ऐकण्याआधी तुझी फाइल उलटी कर. शेवटचा नमुना पहिला, पहिला शेवटचा. परत एफएफटी काढ. आलेख तोच येईल, तंतोतंत. म्हणजे ६ वरून १५ वर गेलेला माणूस आणि १५ वरून ६ वर आलेला माणूस या पद्धतीला एकच. फूरियेने हे गणित १८२२ च्या ग्रंथात घन पदार्थांतून उष्णता कशी वाहते त्यासाठी मांडलं. ते सांगतं या पाच मिनिटांत कोणकोणत्या लयी किती होत्या. कधी होत्या, हे तू विचारलंच नाहीस. तो चिखल म्हणजे तुझं मधलं एक मिनिट, सगळ्या पटावर फासलेलं.

यावर पहिला उपाय अगदी साधा. सिग्नलचे तुकडे कर, एकेका तुकड्याचा एफएफटी काढ, खिडकी थोडी थोडी पुढे सरकव. पण खिडकी केवढी? इथे सगळी गोम आहे. कीर्तनात चिपळी वाजते तेव्हा ती नेमकी कधी वाजली ते सांगता येतं, तिचा सूर सांगता येत नाही. तंबोऱ्याचा सूर पक्का सांगता येतो, पण त्यासाठी तो थोडा वेळ ऐकावा लागतो. डेनिस गॅबरने १९४६ मध्ये हेच गणितात बसवलं: काळ आणि सूर दोन्ही एकदम हवे तेवढे बारीक मिळत नाहीत. तुझ्यासाठी हिशोब सोपा आहे. ६० सेकंदांची खिडकी घेतलीस तर मिनिटाला १४ आणि १५ श्वास जेमतेम वेगळे दिसतील. १० सेकंदांची घेतलीस तर ६ आणि १२ वेगळे दिसायलाही मारामार. आणि अख्खी ३०० सेकंदं घेतलीस तर १५ आणि १५.२ वेगळे दिसतील, फक्त केव्हा ते नाही. तुझं संक्रमणच एका मिनिटाचं आहे, म्हणून ३० ते ६० सेकंदांच्या मधे दोन-तीन खिडक्या लावून बघ आणि सगळी चित्रं अहवालात छाप. परीक्षकाला एक देखणं चित्र दाखवून गप्प करायची सवय वाईट.

आता तू जे लिहिलं नाहीस ते विचारतो. ठोके सारख्या अंतरावर येत नाहीत, आणि एफएफटीला नमुने सारख्या अंतरावर लागतात. तू काय केलंस? बरेचजण ठोका क्रमांक १, २, ३ असे आडव्या रेषेवर मांडून मोकळे होतात. मग आडवी रेषा सेकंदांची उरतच नाही. एक तर अंतरांमधून गुळगुळीत वक्र काढून सेकंदाला ४ असे नमुने घे, नाही तर लोम्ब आणि स्कार्गल यांची रीत वापर. लोम्बने ती १९७६ मध्ये आणि स्कार्गलने १९८२ मध्ये मांडली, खगोलशास्त्रासाठी. ढगाळ रात्रींमुळे ताऱ्यांच्या नोंदींत भोकं पडतात, त्यांची सोय म्हणून. हृदयाला ती बरी लागू पडते.

ठोके ओळखण्यासाठी पॅन आणि टॉम्पकिन्स यांची १९८५ ची रीत वापरली असशील, सगळेच वापरतात. ती सेकंदाला २०० नमुन्यांवर बेतलेली होती. म्हणजे आर लाटेचं, ईसीजीतल्या ठोक्याच्या सर्वांत उंच लाटेचं, टोक ५ मिलिसेकंदांच्या घरांतच सापडणार. तरुण मित्राला चालेल. चिपळूणच्या बाईंसारख्या बारीक चढउतारांना ते जाड पडतं.

आणि त्या मित्राला कपालभाती करायला लावू नकोस. म्हणजे कर म्हण, पण ठोक्यांतून ती मोजू नकोस. हृदयाचे मिनिटाला ८० ठोके पडतात, म्हणजे तुझ्याकडे मिनिटाला ८०च नमुने आहेत, त्यातून मिनिटाला ४० च्या पुढची लय दिसू शकत नाही. कपालभातीचे झटके मिनिटाला ६० असले तर ते ८० वजा ६०, म्हणजे २० श्वासांच्या जागी येऊन बसतील. साधा, शांत, सभ्य श्वास असल्यासारखे! वक्र काढून नमुने ४ काय ४० केलेस तरी हे भूत जात नाही. छातीला श्वासाचा पट्टा बांध आणि श्वास वेगळा नोंदव. पट्टा नसेल तर हा प्रकल्प निम्माच आहे.

वेव्हलेटचं. झां मोर्ले हा फ्रेंच तेल कंपनीतला भूभौतिकशास्त्रज्ञ. जमिनीच्या पोटातून परत येणारे धक्के तपासताना त्याला एकाच मापाची खिडकी जाचत होती. मंद लयीला लांब खिडकी, जलद लयीला आखूड, अशी आपोआप बदलणारी सोय त्याने काढली. ती उत्तम आहे. पण तुझा पल्ला १५ ते ६ एवढाच, अडीच पटींचा. तेवढ्यात वेव्हलेट आणि साधी सरकती खिडकी यांत लोक सांगतात तेवढा फरक पडत नाही. सरांनी सांगितलंय तर लाव, पण आधी साधी खिडकी लावून मग लाव.

हिल्बर्ट-हुआंगची मला थोडी भीती वाटते. नॉर्डन हुआंग नासात होता, १९९८ चा त्याचा निबंध गाजला. सिग्नलची वरची टोकं आणि खालची टोकं जोडून त्या दोन रेषांची सरासरी काढायची, ती वजा करायची, परत तेच. असे सालपटासारखे थर निघतात. आधी काही गृहीत धरावं लागत नाही, हे आकर्षण. पण श्वास १५ वरून ६ वर घसरतो तेव्हा तोच एक श्वास पहिल्या थरातून दुसऱ्या थरात उडी मारतो, आणि विद्यार्थी लिहितो ‘दोन स्वतंत्र लयी आढळल्या’. मी दोन प्रबंधांत हे वाचलंय. विग्नर-विल ही आणखी एक पद्धत लावलीस तर आणखी मजा: १५ आणि ६ यांच्या बरोबर मधे, १०.५ वर, कोणीच न घेतलेला श्वास दिसतो. दोन खऱ्या लयींच्या मधे ती पद्धत एक सावली पाडतेच. इन्ग्रिड दोबशी, लू आणि वू यांनी २०११ मध्ये मांडलेली सिंक्रोस्क्वीझिंगची रीत वेव्हलेटची पसरलेली शाई परत रेघेवर गोळा करते. तुझ्या संक्रमणाला मला तीच सर्वांत आवडेल. पण रेघ बारीक दिसली म्हणजे माहिती बारीक झाली असं नव्हे, हे चित्राखाली लिही.

एक शेवटचा खड्डा. मित्र श्वास झटकन आत घेऊन सावकाश सोडत असेल तर त्याची लाट गोल नसते. अशा लाटेला ६ बरोबर १२ वरही एक रेघ येते. ती दुसरी लय नाही, त्याच श्वासाचा आकार आहे.

म्हणून क्रम असा ठेव: आधी संगणकावर खोटा सिग्नल बनव, ज्यात १५ ते ६ तू स्वतः घातलेत. त्यावर प्रत्येक पद्धत काय बोलते ते बघ. मग फिजिओनेट या नोंदींच्या संकेतस्थळावरचा ‘फँटेसिया’ संच उतरवून घे. २० तरुण आणि २० वृद्ध माणसांनी आडवं पडून डिस्नेचा त्या नावाचा चित्रपट बघितला, तेव्हाच्या दोन-दोन तासांच्या नोंदी आहेत, ईसीजीबरोबर श्वाससुद्धा. फुकट आहेत. मित्राची फाइल सगळ्यांत शेवटी उघड.

प्रश्न: मी योगवर्ग घेतो. माझ्या वर्गात संथ प्राणायामानंतर सगळ्यांना शांत वाटतं, पण एका मुलीच्या मोबाइलवरचं ॲप त्याच वेळी ‘ताण वाढला’ दाखवतं. ॲप खोटं की आम्ही?
— एक योगशिक्षक, म्हापसा

उत्तर: ॲपला तुमचा श्वासच माहीत नाही, सर. १९९६ मध्ये युरोपातल्या आणि उत्तर अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून ठोक्यांच्या चढउतारांचे पट्टे ठरवले: ०.०४ ते ०.१५ हर्ट्झ खालचा, ०.१५ ते ०.४ वरचा. वरच्यात श्वासाचा परिणाम दिसतो. मग कोणीतरी खालच्याला वरच्याने भागलं आणि त्याला ‘ताण’ म्हणायला सुरुवात केली. ०.१५ हर्ट्झ म्हणजे मिनिटाला ९ श्वास. तुमचा वर्ग ९ च्या खाली उतरला की श्वासाची सगळी लाट वरच्या पट्ट्यातून खालच्यात जाऊन पडते, भागाकार फुगतो, ॲप ओरडतं. माणूस तोच, लाट तीच, फक्त शेजारच्या गावात मोजली गेली.

मिनिटाला ६ च्या आसपास रक्तदाबाची स्वतःची १० सेकंदांची लयही श्वासाशी जुळते, त्यामुळे लाट नुसती सरकत नाही, मोठीही होते. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की लॅटिनमधली रोझरी आणि ‘ओम् मणि पद्मे हुम्’ हे दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला ६ च्या जवळ येतो. तुमच्या गावात पहिल्याची खातरजमा करायला लांब जावं लागणार नाही. ॲपमध्ये श्वासाचा वेग भरायची सोय नसेल तर वर्गात ते बंद ठेवा.

प्रश्न: मी आयसीयूत रात्रपाळी करते. हृदय कमजोर झालेल्या एका आजोबांचा श्वास मॉनिटर १४ दाखवत होता, पण मी उभी राहून पाहिलं तर १८-२० सेकंद श्वासच नाही, मग वाढत्या धापा, मग परत शांत. दुसऱ्या बेडवर शांत झोपलेल्या पेशंटचा श्वास ८२! मॉनिटर बिघडलेत का?
— एक परिचारिका, लातूर

उत्तर: सिस्टर, ८२ चं आधी. त्या वेळी हृदयगती किती होती? ८२ च असणार. मॉनिटर श्वास मोजतो तो ईसीजीच्याच चिकटपट्ट्यांमधून. अगदी बारीक, न जाणवणारा प्रवाह छातीतून सोडतो आणि छाती फुगली की विजेला होणारा अडथळा किती बदलला ते बघतो. हृदय आकसतं तेव्हाही हा अडथळा थोडा बदलतो. पेशंट पोटाने हलका श्वास घेत असेल तर छातीची लाट बारीक होते आणि मॉनिटर ठोकेच मोजायला लागतो. एका तालुक्याच्या दवाखान्यात मी याच तक्रारीवर दोनदा सर्किट बदललं, दोन्ही वेळा बसचं भाडं वाया. तिसऱ्या वेळी तिथल्याच एका सिस्टरने डावीकडची खालची पट्टी आणखी खाली, बरगड्यांच्या कडेला लावली आणि आकडा ८२ वरून १६ वर आला. तेव्हापासून मी बॅग उघडण्याआधी पट्ट्या बघतो. हे उलटंही होतं, आणि ते घातक: गळा बंद झाला तरी छाती धडपडते, मॉनिटरला ती धडपड श्वास वाटते. ऑक्सिजनचा आकडा तेव्हा उशिरा पडतो.

आता आजोबा. तुम्ही पाहिलंत ते डॉक्टरांना त्याच रात्री सांगायचं, आणि नर्सिंग नोटमध्ये वेळेसकट लिहायचं. हे चेन-स्टोक्स श्वसन असू शकतं. जॉन चेन यांनी १८१८ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८५४ मध्ये वर्णन केलं, दोघेही डब्लिनमध्ये काम करणारे डॉक्टर, दोघांकडेही मॉनिटर नव्हता. ४० सेकंद मिनिटाला २१ च्या वेगाने धापा आणि २० सेकंद शून्य. सरासरी काढा, बरोबर १४. मॉनिटरने गणित चुकवलं नाही, गोष्ट गाळली. श्वास थांबल्याचा अलार्म पुष्कळदा २० सेकंदांवर लावलेला असतो, १८ चा खंड त्याखालून निसटतो. किती सेकंदांवर ठेवायचा ते डॉक्टरांना विचारून घ्या.

मॉनिटरवर आकड्याऐवजी श्वासाची लाट लावा आणि पडद्याची गती कमी करा, म्हणजे एका नजरेत जास्त वेळाची लाट दिसेल. माझ्यासारखा माणूस संगणकावर हेच करतो: लाटांची टोकं जोडून वरची बाह्यरेषा काढतो आणि त्या रेषेचीच लय शोधतो. ती मिनिटाला एक निघते, ०.०१७ हर्ट्झ. श्वासाच्या नेहमीच्या पट्ट्यात ती नाहीच. हृदयाच्या आलेखातही ती अगदी तळाच्या पट्ट्यात जाते, जो पाच मिनिटांच्या नोंदीत बरेचजण कचरा म्हणून पुसतात. तुम्ही मात्र आधी उभं राहून घड्याळ लावून एक मिनिट मोजा. पूर्ण एक मिनिट, पंधरा सेकंद गुणिले चार नाही.

प्रश्न: आई गेल्या वर्षी गेली. तिचा २०११ चा ईसीजी फाइलमध्ये सापडला, फार पुसट झालाय. परत उमटवता येईल का? ठेवण्याजोगं तेवढंच राहिलंय.
— एक वाचक, मिरज

उत्तर: तो थर्मल कागद आहे, उष्णतेने उमटतो आणि वर्षांनी विरतो. पूर्ण गेलेली रेघ परत येत नाही, पण अंधूक दिसत असेल तर रंगीत स्कॅन करून घ्या आणि संगणकावर कॉन्ट्रास्ट वाढवा. लॅमिनेशनच्या दुकानात मुळीच देऊ नका, गरम रोलरखाली अख्खा कागद काळा होईल. प्लॅस्टिकच्या पाकिटातूनही काढा. कागदाच्या पाकिटात, कपाटात, उजेडापासून लांब.

स्कॅन झाला की सर्वांत खालची लांब पट्टी बघा. छोटा चौकोन ०.०४ सेकंदाचा, मोठा ०.२ चा, पट्टी साधारण १० सेकंदांची. उंच टोकं फूटपट्टीने मोजा. सगळी सारखी नसतील: हळूहळू वाढतील, मग उतरतील, परत वाढतील. श्वासाबरोबर छाती हलते, हृदय किंचित कलतं, म्हणून तसं होतं. टोकांची अंतरंही त्याच लयीत जवळ-लांब होत असतील. १० सेकंदांत असे दोन-अडीच चढउतार मिळतील. ते आईंचे श्वास आहेत.